भंगारातला शरभ: फँटसीवेड्यांचा कलाकट्टा कसा चालवावा

मुरूडच्या जंजिऱ्याला होडीतून उतरून दरवाजाशी गेलात की भिंतीवर एक पशू कोरलेला दिसतो. कुणी त्याला शरभ म्हणतं, कुणी वाघ, कुणी सिंह. मांजरीने उंदीर धरावेत तसे त्याने पंजांत हत्ती धरलेत. आमच्या कट्ट्यावर नवीन आलेला कुणी म्हणाला की "आपल्याकडे फँटसी असं काही नाहीच हो", तर मी त्याला या पशूचा फोटो दाखवते. त्यानंतर तो ड्रॅगन करायचा सोडतो असं नाही. पहिल्यांदा ड्रॅगन सगळ्यांनाच करायचा असतो आणि तो करू द्यावा. पण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कुणीतरी गंडभेरुंड पक्ष्याची दोन डोकी एकाच धडावर कशी बसवायची हे विचारत येतं, तेव्हा मला विशेष आनंद होतो.

पुण्यात काही वर्षं असा कट्टा चालवताना जे शिकले ते इथे लिहिते आहे. मुखवटे, चिलखतं, कळसूत्री बाहुल्या, न पाहिलेल्या देशांचे नकाशे असं काहीबाही एकत्र बसून करायला जागा हवी, आणि ती ठरावीक चार लोकांचीच होऊ नये, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हा लेख आहे. सुरुवातीला मी दोन वेगळ्या याद्या केल्या होत्या. एकीत "सर्वांना सामावून घेण्यासाठी काय करायचं", दुसरीत "पर्यावरणासाठी काय करायचं". सहा महिन्यांत लक्षात आलं की बहुतेक ओळी दोन्ही याद्यांत त्याच आहेत. उग्र वासाचा गोंद बंद केला की हवाही सुधारते आणि दमा असलेली मुलगीही येऊ शकते. महाग फोमऐवजी पुठ्ठा वापरला की प्लास्टिकही टळतं आणि खिशात पन्नास रुपये असलेला मुलगाही चिलखत करू शकतो. जिथे दोन याद्या भांडतात तिथली गोष्ट वेगळी, ती पुढे सांगते.

आधी पायऱ्या मोजा

आमची पहिली जागा एका जुन्या वाड्याच्या माडीवर होती. लाकडी जिना, खांबांवर नक्षी, खिडकीतून तिरका उजेड. फँटसीला याहून चांगली जागा काय मिळणार! दुसऱ्या महिन्यात एक मुलगा व्हीलचेअरवर आईबरोबर आला. तिघेजण त्याला उचलून न्यायला पुढे झाले. तो नको म्हणाला. मग आम्ही एक मुखवटा आणि रंग खाली आणून दिले. तासभर तो बोळात बसून एकटाच रंगवत होता, वरून आमचे हसण्याचे आवाज येत होते. तो परत आला नाही. आम्ही जागा बदलली, पण तोवर चार महिने उलटले होते.

म्हणून जागा बघायला जाताना मोजपट्टी न्या. दार किमान ९० सेंटिमीटर रुंद हवं. खुर्ची वळवायला आत कुठेतरी दीड मीटर व्यासाची मोकळी जागा हवी. उताराचं प्रमाण एकास बारा, म्हणजे १५ सेंटिमीटरची एक पायरी असेल तर १८० सेंटिमीटर लांबीचा उतार. लोक दोन फुटांची फळी टाकतात आणि रॅम्प केला म्हणतात. ती घसरगुंडी झाली. स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का, त्याचं दार आत उघडतं की बाहेर, हेही पाहा. सोसायटीचं तळमजल्यावरचं पार्किंग, शाळेचा रविवारी रिकामा असणारा वर्ग, ग्रंथालयाचा मागचा हॉल अशा जागा दिसायला रुक्ष असतात, पण कामाला उत्तम.

बसण्याचे दोन प्रकार ठेवा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना टेबल-खुर्ची, आणि टेबलाखाली व्हीलचेअर शिरेल एवढी मोकळी उंची. ज्यांना मांडी घालूनच हात चालतो त्यांना सतरंजी. आमच्याकडच्या सर्वांत कुशल कारागीर आजी टेबलावर बसल्या की त्यांची कात्री वाकडी जाते. एक कोपरा शांत ठेवा. तिथे गाणी नाहीत, मिक्सर नाही, कुणी येऊन "काय करतोयस?" विचारायचं नाही. हा कोपरा स्वमग्न मुलांसाठी म्हणून केला होता. आता तिथे बसायला नंबर लागतात.

पहिले चार रविवार

नोंदणी, लोगो, टी-शर्ट यांतलं काहीही आधी करू नका. पाच ते आठ माणसं पुरतात.

पहिल्या रविवारी काहीच बनवायचं नाही. प्रत्येकाने घरातून एक टाकाऊ वस्तू आणायची आणि ती कुठल्या प्राण्याचा कुठला अवयव होऊ शकते ते सांगायचं. झिजलेला पायपुसण्याचा काथ्या म्हणजे आयाळ, फुटकी गाळणी म्हणजे डोळा. यात हात न चालवताही सगळे सामील होतात, आणि कोण बोलकं आहे, कोण बुजरं, हे तुम्हाला कळतं.

दुसऱ्या रविवारी कागदाचे थर देऊन अर्धमुखवटा, फक्त कपाळ ते नाक. पूर्ण मुखवटा पहिल्यांदा घेऊ नका. तो वाळत नाही, माणूस कंटाळतो. तिसऱ्याला तो घासून त्यावर रंग. चौथ्याला मुखवटा घालून एकमेकांना गोष्ट सांगायची, स्वतःच्या प्राण्याची. ज्याला घालायचा नाही त्याने हातात धरावा. चेहऱ्यावर काही चढवलं की काही जणांचा जीव घाबरतो, आणि त्याचं कारण विचारायची गरज नसते.

एक गोष्ट पंचांगासारखी पक्की लक्षात ठेवा: जून ते सप्टेंबर लगद्याचं काम काढायचं नाही. पहिल्या पावसाळ्यात आमच्या अकरा मुखवट्यांना हिरवी बुरशी आली. एकजण म्हणाला की राक्षसाला शोभतेय, पण वासाने कुणी जवळ जाईना. पावसाळ्यात शिवण, बाहुल्यांचे कपडे, नकाशे, गोष्टी करा. लगदा दसऱ्यानंतर.

सामान कुठून आणायचं

शहरातल्या कलासाहित्याच्या दुकानात सर्वांत शेवटी जा. आधी रद्दीवाल्याकडे जुनी वर्तमानपत्रं आणि खाकी कागद. किराणा दुकानात पुठ्ठ्याची खोकी, पण फ्रिज-वॉशिंग मशीनच्या दुकानातली खोकी जाड असतात, चिलखताला तीच हवीत. शिंप्याकडे कातरण. तो पिशवीभर फुकट देतो, फक्त दर आठवड्याला ठरल्या दिवशी जाऊन उचलावी लागते, नाहीतर पुढच्या वेळी देत नाही. पुण्यात बुरूड आळीत बांबूच्या कामट्या मिळतात, आकाशकंदिलाला लागतात तशाच. पंखांचा सांगाडा त्यातून झकास होतो. इथे घासाघीस करू नका. ती माणसं हाताने बांबू सोलून देतात.

कोकणात कुणी नातेवाईक असतील तर पोफळीच्या विऱ्या, म्हणजे पानाच्या देठाकडची रुंद आवरणं, मागवा. भिजवली की विरी हवी तशी वळते आणि वाळली की तोच आकार धरते. खांद्यावरचं कवच, ढाल, कासवाची पाठ, सगळं होतं. परदेशी व्हिडिओंत ज्या कामाला फोम तापवतात त्यातलं निम्मं काम विरी करते, आणि शेवटी मातीत जाते. करवंटीचे डोळे करा. वाळलेल्या घोसाळ्याची जाळी म्हणजे तयार राक्षसी त्वचा.

चमकी आणि थर्माकोल दारातच थांबवा. चमकी म्हणजे प्लास्टिकचा चुरा, एकदा सांडली की दिवाळीपर्यंत निघत राहते. थर्माकोलच्या सजावटीवर महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने बंदी आली, आणि १ जुलै २०२२ पासून ती देशभर लागू झाली. तरी कुणी "घरी पडलाच होता" म्हणून घेऊन येतं. त्यांच्यावर डाफरू नका. पहिल्यांदाच आलेल्या माणसाच्या हातातली वस्तू सर्वांदेखत नाकारली की तो वस्तूसकट जातो. "हे कपाटाच्या मागे पॅकिंगला ठेवू" म्हणा आणि पुठ्ठा पुढे करा.

खळ

कट्ट्याचा प्राण म्हणजे खळ. एक वाटी मैदा आधी एक वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडेपर्यंत कालवा. दुसऱ्या भांड्यात चार वाट्या पाणी उकळायला ठेवा, उकळी आली की मैद्याची धार सोडत ढवळत राहा. पांढरा रंग जाऊन खळ अर्धपारदर्शक दिसू लागली की गॅस बंद. कोमट झाल्यावर दोन चमचे मेथीची पूड घाला. आपल्याकडे जुन्या बायका कागदाचा लगदा करून टोपल्या घडवायच्या, त्यातही मेथी असायची. चिकटपणा वाढतो आणि कीड लागत नाही. बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात. ते विष आहे. मुलं असतील तिथे ते आणूच नका. ज्यांना गहू चालत नाही त्यांच्यासाठी चिंचोक्याच्या पिठाची खळ वेगळी करा आणि भांड्यावर मोठ्या अक्षरात लिहा.

साचा मातीचा. फुग्यावर मुखवटा करायची पद्धत सोपी आहे, पण फुगा एकदा फुटला की संपला. शाडूचा साचा पुन्हा पुन्हा वापरता येतो. साच्यावर पहिला थर नुसत्या पाण्यात भिजवलेल्या कागदाचा द्या, खळ न लावता. म्हणजे मुखवटा सुटून येतो. मग खळ लावून एक थर वर्तमानपत्राचा, एक खाकी कागदाचा, असे आलटूनपालटून सहा थर. रंग वेगळा असल्याने कुठे थर राहिला ते लगेच दिसतं. कमी दिसणाऱ्यांना मात्र हा फरक कळत नाही. त्यांच्यासाठी एक थर कागदाचा आणि एक जुन्या धोतराच्या पातळ कापडाचा द्या, बोटांना कळतो. आमच्याकडे एक काका असेच काम करतात आणि त्यांचे मुखवटे सर्वांत मजबूत निघतात, कारण कापडामुळे तडा जात नाही. आता आम्ही सगळेच एक थर कापडाचा देतो.

रंगांबद्दल दोन गैरसमज

"नैसर्गिक रंग म्हणजे सुरक्षित" हा पहिला. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं संयुग, हरताळ म्हणजे आर्सेनिकचं, आणि पारंपरिक शेंदूर शिशाचा. तिन्ही निसर्गातून किंवा परंपरेतून आलेले, तिन्ही कट्ट्यावर नकोत. गेरू, पिवडी (पिवळी माती), खडू, काजळी हे चार रंग डिंकाच्या पाण्यात कालवले की बराच पल्ला गाठता येतो. हळद सुंदर दिसते पण उन्हात उडून जाते. पंधरा दिवसांत तुमचा सोनेरी यक्ष फिकट पडेल.

"ॲक्रिलिक पाण्यात धुतलं जातं म्हणजे पाण्यात विरघळतं" हा दुसरा. ॲक्रिलिक हे प्लास्टिकच आहे. ब्रश नळाखाली धुतला की ते गटारातून नदीत जातं. आम्ही ॲक्रिलिक पूर्ण बंद केलं नाही, कारण बाहेर मिरवायचे मुखवटे गेरूने टिकत नाहीत. पण ब्रश आधी रद्दी कागदाला पुसायचा, मग बादलीत खंगाळायचा. बादलीत तुरटी फिरवून रात्रभर ठेवली की गाळ खाली बसतो. वरचं पाणी पुढच्या आठवड्यात पहिलं खंगाळायला वापरायचं, गाळ कागदावर ओतून वाळवून सुक्या कचऱ्यात टाकायचा. स्प्रे पेंट आणि टोल्युइन या रसायनाचा वास मारणारे गोंद मात्र अजिबात नाहीत. गरोदर बाई आली की "आज जरा वास येईल" असं सांगावं लागू नये.

बोलण्याची रीत

मराठीत एक सोय आहे आणि तिचा आपण पुरेसा उपयोग करत नाही. "तू आलास" की "तू आलीस" हे ठरवताना समोरच्याचं लिंग आपणच ठरवून टाकतो. "तुम्ही आलात" म्हटलं की प्रश्नच उरत नाही. म्हणून आमच्याकडे पहिल्या दिवशी सगळे सगळ्यांना तुम्ही म्हणतात, आठ वर्षांच्या मुलालाही. त्याला फार मजा येते. पुढे कुणी स्वतःहून "मला अगं म्हणा" किंवा "अरे म्हणा" सांगितलं की तसं. दुसऱ्यांदा विचारायचं नाही, चुकलात तर दुरुस्त करून पुढे जायचं.

छातीवरच्या बिल्ल्यावर फक्त नाव, आडनाव नाही. आपल्याकडे आडनाव ऐकलं की लोक मनात जात शोधतात, मग "गाव कोणतं?" असा प्रश्न येतो, आणि मुखवट्याचं काम बाजूला राहतं. हवं तर स्वतःला ठेवलेलं काल्पनिक नाव लावा. एक बँकेतले गृहस्थ तीन वर्षं "धूमकेतू" आहेत. त्यांचं खरं नाव मला पैसे पाठवताना कळलं.

आणि राक्षस काळाच का, हा प्रश्न दर बॅचमध्ये एकदा निघू द्या. कुणी उपदेश करायचा नाही. टेबलावर काळा रंग कमी ठेवा, बस. लोक जांभळे, गेरवे, शेवाळी राक्षस करतात आणि ते जास्त भीतिदायक दिसतात.

मुखवटा कुणाचा

जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा या आदिवासी उत्सवात जे मुखवटे नाचवले जातात ते वेशभूषेचं सामान नाही, ते त्या दिवशी देव असतात. आमच्यातल्या एकाने फोटोवरून हुबेहूब तसा मुखवटा करायला घेतला होता. काम सुरेख होतं, पण ते थांबवावं लागलं आणि तो दुखावला. आता मी आधीच सांगते. कुणाच्या पूजेतली वस्तू घ्यायची नाही. तंत्र शिकायचं असेल तर तिथल्या कारागिराला बोलवा, प्रवासखर्च आणि मानधन आधी ठरवून द्या, आणि त्यांनी शिकवलं तेवढंच करा. वेताळाचंही तसंच. गोष्टीतलं झाडावर लटकणारं भूत म्हणून आपण त्याला ओळखतो, पण कोकणात आणि गोव्यात तो ग्रामदैवत आहे. गोव्याहून आलेल्या एका ताईंनी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आमचा वेताळ अर्धा रंगवून झाला होता. त्याचं नाव बदललं, दोन शिंगं लावली, झाला तो कुणी अनाम.

जिथे याद्या भांडतात

एका हाताने काम करणारी एक मुलगी आमच्याकडे येते. खळ वाळेपर्यंत दोन तुकडे धरून ठेवायला दुसरा हात लागतो. कपड्यांचे चिमटे दिले, वजन ठेवलं, सुतळीने बांधायचं शिकवलं. गोल वस्तूंना काहीच चालेना. शेवटी ग्लू गन आणली. ती प्लास्टिकची कांडी वितळवते हे सगळ्यांना माहीत आहे. एकाने "मग तत्त्व कुठे गेलं?" असं विचारलंही. माझा निर्णय साधा आहे: ज्याच्यामुळे एखादं माणूस काम करू शकतं ती वस्तू राहते, बाकीच्यांनी सोयीसाठी ती उचलायची नाही. ग्लू गन एकच आहे, तिच्या जागी ठेवलेली असते, आणि ज्यांना लागते ते कुणाला कारण न सांगता घेतात. ज्याला जाड मुठीचा प्लास्टिकचा ब्रश लागतो, ज्याला हातमोजे लागतात, त्यांनाही हेच.

पैसे आणि कागदपत्रं

दारात एक बंद डबा ठेवा, वर लिहा: "एका दिवसाचा खर्च माणशी साठ रुपये. जमेल ते टाका, जमलं तर दुसऱ्याचेही टाका." आकडा तुमच्या खर्चाप्रमाणे. कोण काय टाकतं ते बघायला जवळ कुणी बसायचं नाही. ऑनलाइन पैसे घेतले की रक्कम आणि नाव दोन्ही दिसतात, म्हणून आम्ही ते फक्त देणग्यांसाठी ठेवलं. महिन्याचा जमाखर्च भिंतीवर लावा, खिळ्यांपासून चहापर्यंत.

देणग्या वाढल्या, बँकेत खातं हवं झालं, की संस्थेची नोंदणी. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात. त्याआधी घाई नको. सात माणसं वर्षभर टिकली का ते बघा.

मुलं येत असतील तर खोलीत कायम दोन मोठी माणसं, एकटं मूल एकट्या मोठ्या माणसाबरोबर कधीच नाही. फोटो पालकांच्या लेखी परवानगीनेच. कटर मोजून द्या, मोजून घ्या. तुटलेली पाती पत्र्याच्या डब्यात साठवा, कचऱ्यात सुटी टाकू नका. पुण्यात २००८ पासून "स्वच्छ" या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेची माणसं घरोघरचा कचरा घेतात, आणि तो हातांनी निवडला जातो. त्याच कारणाने ॲक्रिलिक लावलेला पुठ्ठा रद्दीच्या गठ्ठ्यात लपवू नका. त्याने सगळा गठ्ठा बाद होतो आणि त्यांचे पैसे बुडतात.

उकल

वर्षातून दोनदा, होळीच्या आधी आणि गणपतीनंतर, आम्ही नवीन काही करत नाही. जुनं सोडवतो. कामट्या एका बाजूला, कातरण दुसऱ्या, खिळे डब्यात. दोन महिने न नेलेल्या वस्तूही त्यात येतात, म्हणून वस्तूमागे नाव आणि तारीख लिहायची सवय लावा. शाडूचे साचे फोडून पूर्ण वाळवायचे, मग बादलीतल्या पाण्यात टाकायचे. अर्धवट ओली माती विरघळायला दिवस लागतात, कोरडी माती काही तासांत भुगा होऊन बसते. सकाळी वरचं पाणी झाडांना, खालचा चिखल जुन्या साडीवर पसरून घट्ट होऊ द्यायचा. मातीचं पाणी बेसिनमध्ये ओतलंत तर प्लंबरचा नंबर हाताशी ठेवा.

या बादलीवर आमच्या एका मुलीने कीर्तिमुख रंगवलंय. शंकराने सांगितलं म्हणून भुकेपोटी स्वतःचंच अंग शेपटीपासून खात गेलेला आणि शेवटी नुसतं तोंड उरलेला तो गण, देवळांत उंबऱ्यावर दिसतो तोच. नवीन मुलं साचा टाकताना त्याच्या तोंडात नेम धरतात. पाणी बाहेर उडतं, म्हणून बादलीखाली जुनं पोतं घालून ठेवा.